आमच्या गावचे आडी डास्लर

आदिदास हे नाव पहिल्यांदा कानावर पडले की ते रामदास, तुळशीदास यांच्या पंगतीतले वाटते. भारतातल्या आपल्या आजी-आजोबांना तर हे कुणा संताचेच नाव वाटावे. खरे पाहता ते एका माणसाच्या नावाचे दोन तुकडे जोडून तयार झाले आहे. आडी हे आडॉल्फ या नावाचे घरगुती रूप आणि डास हा डास्लर या आडनावाचा पहिला तुकडा. मराठीत डास म्हणजे काय हे आपल्या वर्गात कुणाला सांगायला नको!

या अंकासाठी एखाद्या फुटबॉलपटूचे चरित्र लिहायचे असे आम्ही ठरवले होते. त्यातही बचावपटू हवा असे ठरले, कारण गोल मारणाऱ्यांबद्दल सगळेच लिहितात, गोल अडवणाऱ्यांबद्दल फार थोडे. पण जर्मनीच्या जुन्या बचावपटूंची माहिती गोळा करू लागलो तेव्हा प्रत्येक गोष्टीत एक माणूस पुन्हा पुन्हा डोकावू लागला. तो मैदानाच्या कडेला बसलेला असे आणि खेळाडूंच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या पायांकडे पाहत असे. शिवाय तो आपल्याच हेर्त्सोगेनआउराखचा होता. म्हणून त्याचेच चरित्र लिहायला घेतले.

आडॉल्फ डास्लर यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९०० रोजी हेर्त्सोगेनआउराख येथे झाला. न्यूर्नबर्गपासून साधारण वीस किलोमीटरवर, आउराख नदीच्या काठी वसलेले हे छोटे गाव. एकेकाळी ते विणकरांचे होते. कारखान्यांतले कापड आले, हातमाग बंद पडले आणि गावकरी घरगुती सपाता व बूट शिवू लागले. आडीचे वडील क्रिस्टोफ यांचे घराणे विणकरांचेच, पण त्यांनी बुटाच्या कारखान्यात नोकरी धरली. आई पाउलिना घरामागच्या खोलीत लोकांचे कपडे धुऊन देत असे. फ्रिट्झ, मारी, रुडॉल्फ आणि आडी अशी चार भावंडे. आडी सर्वांत धाकटा. धुतलेले कपडे घरोघर पोचवायचे काम मुलांकडे असे आणि गावात ती परटाची पोरे म्हणूनच ओळखली जात. रुडॉल्फ म्हणजे रुडी आडीपेक्षा अडीच वर्षांनी मोठा. दोघांचे स्वभाव मात्र अगदी वेगळे. रुडी बोलका, चटकन तापणारा, चार लोकांत उठून दिसणारा. आडी अबोल, आपल्याच नादात असणारा.

आडीने एका बेकरीत उमेदवारी केली आणि पाव भाजायचे काम तो शिकला. पण त्याचे मन तिथे रमले नाही. धावणे, उड्या, फुटबॉल, बर्फावरचे खेळ, जे मिळेल ते तो खेळे. प्रत्येक खेळ वेगळा, मग सगळ्या खेळांना एकच बूट कसा चालेल, हा प्रश्न त्याला तेव्हापासून पडला होता. हा प्रश्न पुढे जन्मभर त्याच्या सोबत राहिला.

पहिल्या महायुद्धात मोठे दोघे भाऊ आघाडीवर गेले. १९१८ मध्ये, अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, आडीलाही बोलावणे आले. तो परतला तेव्हा देश हरलेला होता. लोकांकडे पैसे नव्हते आणि आईचे कपडे धुण्याचे काम बंद पडले होते. त्या रिकाम्या खोलीत आडीने बूट शिवायला सुरुवात केली. कातडे मिळत नव्हते. मग सैनिकांनी टाकून दिलेल्या शिरस्त्राणांचे आणि पिशव्यांचे कातडे त्याने गोळा केले. हवाई छत्र्यांच्या कापडाच्या त्याने सपाता केल्या. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून कातड्याचे यंत्र सायकलला जोडले आणि पायाने पेडल मारून चालवले. गावातल्या लोहाराचा मुलगा त्याचा मित्र होता. त्याच्या भट्टीत धावण्याच्या बुटांचे खिळे तयार होऊ लागले.

पुढे रुडी धंद्यात आला आणि १९२४ मध्ये दोघा भावांच्या नावाने कारखाना नोंदवला गेला. कामाची वाटणी आपोआप झाली. आडी बूट करणार, रुडी ते विकणार. एकाला दुसऱ्याचे काम जमले नसते. थोड्याच वर्षांत बारा कामगार दिवसाला पन्नास जोड तयार करू लागले आणि कारखाना आईच्या खोलीतून रेल्वे स्टेशनजवळच्या मोठ्या इमारतीत गेला.

आडींची बूट करण्याची पद्धत साधी होती. ते खेळाडूंना विचारत, त्यांचे खेळणे बघत, झिजलेले बूट परत मागवून घेत आणि कुठे झिजले ते तपासत. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदाच ८०० मीटर धावल्या. ती शर्यत जर्मनीच्या लीना राडके हिने जागतिक विक्रम करून जिंकली. तिच्या पायांत डास्लर बंधूंचे बूट होते. एवढे नाव झाल्यावरही, १९३२ मध्ये, आडी पिर्मासेन्स गावातल्या बूट तयार करण्याच्या शाळेत विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. स्वतःचा कारखाना असलेला माणूस पुन्हा बाकावर बसतो, हे आम्हाला फार आवडले. तिथेच शिक्षकांची मुलगी केटे मार्ट्झ त्यांना भेटली आणि १९३४ मध्ये त्यांचे लग्न झाले.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती गाळली तर हे चरित्र अर्धेच राहील. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिघेही डास्लर भाऊ नाझी पक्षाचे सभासद झाले. आडींनी नाझींच्या युवक संघटनेतल्या मुलांना खेळ शिकवले. त्या राजवटीला खेळ हवे होते आणि खेळांना बूट हवे होते, तेव्हा कारखान्याची भरभराटच झाली. तरीही १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आडींनी आपले बूट अमेरिकेच्या जेसी ओवेन्सपर्यंत पोचवले. ओवेन्स कृष्णवर्णीय होता. गोरे लोकच श्रेष्ठ असे सांगणाऱ्या हिटलरच्या राजधानीत त्याने चार सुवर्णपदके जिंकली. आडींच्या मनात तेव्हा धंदा होता, खेळाचे प्रेम होते की आणखी काही, याचा निवाडा आम्ही करत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात घडल्या, एवढे मात्र लक्षात ठेवायला हवे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. आडींना सैन्यात बोलावले, पण कारखान्यासाठी काही महिन्यांतच परत पाठवले. रुडॉल्फ यांना १९४३ मध्ये जावे लागले. आपल्याला घालवून धाकट्याने कारखाना बळकावला असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस बूट थांबले आणि त्या इमारतीत रणगाडे फोडण्याच्या शस्त्राचे काम सुरू झाले.

१९४५ मध्ये अमेरिकन सैन्य गावात आले. युद्धानंतर प्रत्येकाला आपण नाझी राजवटीत काय केले याचा जाब द्यावा लागत होता. रुडॉल्फ यांना अमेरिकनांनी पकडून वर्षभर छावणीत ठेवले. आपल्या सख्ख्या भावानेच चुगली केली अशी त्यांची खात्री झाली. आडींच्या चौकशीच्या वेळी त्यांनी भावाच्या विरुद्ध सांगितले, आणि आडींच्या बाजूने त्याला तितकेच कडवट उत्तर गेले. अखेर १९४७ मध्ये आडींना केवळ प्रवाहाबरोबर गेलेला माणूस असे ठरवण्यात आले आणि कारखाना त्यांच्याकडे राहिला. पण भाऊ राहिला नाही.

भांडणाचे नेमके कारण काय, याबद्दल गावात अनेक कहाण्या आहेत. कोणी म्हणतात, दोघांच्या बायकांचे पटत नव्हते. आई-वडील, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि मुले, सगळे एकाच घरात राहत होते. कोणी म्हणतात, विमानांचा हल्ला झाला तेव्हा आडींनी तळघरात विमानांना शिवी हासडली आणि ती आपल्यालाच दिली असे रुडॉल्फना वाटले. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात. शेताच्या वीतभर बांधावरून दोन भाऊ जन्मभर बोलत नाहीत, अशा गोष्टी आपण सुट्टीत गावी गेल्यावर ऐकतो. इथे बांधाच्या जागी नदी आली.

१९४८ मध्ये वाटणी झाली. यंत्रे, पैसे, बुटांचे हक्क, सगळे दोन भागांत वाटले. कुणाबरोबर जायचे ते कामगारांनी आपापले ठरवले. कारागीर बहुतेक आडींकडे राहिले, विक्रीची माणसे रुडॉल्फ यांच्याबरोबर नदीपलीकडे गेली. म्हाताऱ्या आईने रुडॉल्फची बाजू घेतली आणि बहीण मारीने आडींची. रुडॉल्फ यांनी आपल्या कंपनीला आधी रुडा आणि मग पूमा असे नाव दिले. आडींनी १९४९ च्या ऑगस्टमध्ये ४७ माणसांसह आदिदास नोंदवली. कातड्याला ताण पडू नये म्हणून बुटाच्या बाजूला पट्ट्या लावत असत. आडींनी तीन पांढऱ्या पट्ट्यांना आपली खूण केले. म्हणजे दिसायला छान असलेली ती नक्षी मुळात कामाची वस्तू होती.

इथे आम्हाला आपल्या देशाची आठवण झाली. डास्लर भाऊ वेगळे झाले त्याच १९४८ साली स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ लंडन ऑलिंपिकला गेला. कर्णधार होता तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांतून आलेला आणि पुढे डॉक्टर झालेला बचावपटू. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून फक्त १-२ असे हरले. पण १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले, आणि त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. अनवाणी पायाला चेंडू छान कळतो, पण गारठलेल्या ओल्या गवतावर तो टिकत नाही.

ओल्या गवताचा हा प्रश्न सर्वांत जास्त कुणाला छळतो? बचावपटूला. पुढे धावणाऱ्याला कुठे वळायचे ते आधी माहीत असते. बचावपटूला ते समोरच्याचा पाय हलल्यावर कळते. उलटे धावता धावता त्याला क्षणात थांबावे लागते, वळावे लागते. तिथे पाय घसरला की गोल झालाच. बुटाच्या तळाला असलेले खुंट, म्हणजे स्टड, आखूड असतील तर चिखलात पकड येत नाही, आणि लांब असतील तर कोरड्या मैदानात ते टोचतात. म्हणून पिळून काढता-बसवता येणारे स्टड आले. ते आधी कुणी केले यावरही वाद आहे. पूमा म्हणते आम्ही, आदिदास म्हणते आम्ही, आणि दोघांखेरीज आणखीही दावेदार आहेत. पण ते योग्य वेळी योग्य पायांत होते, याचे श्रेय आडींना मिळाले.

ती वेळ म्हणजे ४ जुलै १९५४. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात विश्वचषकाचा अंतिम सामना होता. समोर हंगेरीचा संघ, चार वर्षांत एकदाही न हरलेला. याच स्पर्धेत दोन आठवड्यांपूर्वी त्याने जर्मनीला ८-३ असे लोळवले होते. प्रशिक्षक झेप हेरबेर्गर यांनी आडींना संघाबरोबरच ठेवले होते. त्या दिवशी पाऊस लागला. आडींनी बुटांना लांब स्टड बसवून दिले. त्यांचे बूट नेहमीच्या बुटांपेक्षा हलकेही होते. पहिल्या आठ मिनिटांत हंगेरीने दोन गोल केले, पण अठराव्या मिनिटाला जर्मनीने बरोबरी साधली. त्यानंतर हंगेरीचे हल्ल्यांवर हल्ले सुरू झाले. चिखल वाढत होता. मधल्या फळीत वेर्नर लीब्रिख उभा होता, डाव्या बाजूला वेर्नर कोलमायर, उजव्या बाजूला युप पोझिपाल. एकदा चेंडू गोलरक्षकाला चुकवून गेला, तेव्हा कोलमायरने तो रेषेवरून बाहेर काढला. सामना संपायला सहा मिनिटे असताना हेल्मुट रानने तिसरा गोल मारला आणि जर्मनी ३-२ असा जिंकला. रानचे नाव आजही सगळ्यांना ठाऊक आहे. कोलमायरचे कुणाला ठाऊक आहे? पुढे त्याचे आयुष्य दारूपायी विस्कटले. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तो पहारेकऱ्याचे काम करी. १९७४ मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो वारला. बचावपटूवर लिहायचे आम्ही ठरवले होते, म्हणून त्याचे नाव इथे मुद्दाम लिहीत आहोत.

बर्नमधल्या विजयाने आदिदास जगभर पोचली. इकडे गाव मात्र दुभंगले होते. नदीच्या एका बाजूला आदिदास, दुसऱ्या बाजूला पूमा. खाटीक वेगळा, पाववाला वेगळा, बिअर प्यायची जागा वेगळी. समोरच्याशी बोलण्याआधी लोक त्याच्या पायांतले बूट बघत, म्हणून याला माना खाली घातलेल्यांचे गाव म्हणत. फुटबॉलचे क्लबही वाटले गेले, एक आदिदासकडे झुकलेला, एक पूमाकडे. कोल्हापूरच्या पेठांमध्ये फुटबॉलवरून कशी चुरस असते हे आपल्यापैकी तिकडच्या मुलांना ठाऊक आहे. पण तिथे सामना संपला की एकाच गाडीवर मिसळ खाता येते.

आडींना या गोष्टींत रस नव्हता असे म्हणतात, पण त्यांनी ते थांबवलेही नाही. ते कारखान्यात रमत. त्यांच्या नावावर सातशेहून अधिक शोधांचे हक्क होते. १९७४ चा विश्वचषक जर्मनीतच झाला. कर्णधार फ्रान्झ बेकेनबाउअर हा जगातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक, आणि त्याच्या पायांत आडींचे बूट होते. त्याच स्पर्धेत हॉलंडचा योहान क्रॉयफ पूमाशी बांधलेला असल्यामुळे त्याने तीन पट्ट्यांचा शर्ट घालायला नकार दिला आणि दोनच पट्ट्यांचा शर्ट घालून तो खेळला. भावांचे भांडण असे थेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुडॉल्फ वारले. शेवटच्या वर्षांत दोघे भाऊ गावाबाहेर कुठे कुठे गुपचूप भेटले होते असे म्हणतात. तसे असेल तर बरेच झाले, पण गावाला ते दिसले नाही. रुडॉल्फ गेले तेव्हाही आडींच्या घरातून त्यांच्याबद्दल एक शब्द बाहेर आला नाही. ६ सप्टेंबर १९७८ रोजी आडीही गेले. गावातल्या एकाच स्मशानभूमीत दोघांच्या कबरी आहेत, एक या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला.

त्यांच्यानंतर केटे आणि मुलगा होर्स्ट यांनी कंपनी चालवली. १९८७ मध्ये होर्स्टही वारला, आणि काही वर्षांतच दोन्ही कंपन्या डास्लर घराण्याच्या हातून गेल्या. ज्या वारशासाठी दोन भाऊ तीस वर्षे भांडले तो दोघांच्याही नातवंडांकडे राहिला नाही.

आपल्या गावात वाढलेला लोथार माटेउस पूमाच्या बाजूच्या क्लबात खेळला. त्याचे वडील पूमात कामाला होते. १९९० मध्ये रोमच्या अंतिम सामन्यात तो जर्मनीचा कर्णधार होता. खेळताना त्याचा बूट तुटला आणि त्याला दुसरा घालावा लागला. सामना संपत आला असताना पेनल्टी मिळाली, पण नव्या बुटाचा भरवसा वाटेना म्हणून त्याने ती घेतली नाही. ती आंद्रेआस ब्रेमेने मारली आणि जर्मनी १-० असा जिंकला. ब्रेमे कोण होता? बचावपटू! एका बुटाने काय होते असे कुणी म्हटले तर त्याला ही गोष्ट सांगावी. आडींना ती ऐकून त्या तुटलेल्या बुटाचीच जास्त चौकशी करावीशी वाटली असती.

२१ सप्टेंबर २००९ रोजी, जागतिक शांतता दिनी, आदिदास आणि पूमाच्या लोकांनी एकमेकांशी हात मिळवले आणि फुटबॉलचा सामना खेळला. संघ कंपन्यांप्रमाणे पाडले नव्हते, दोन्हीकडची माणसे मिसळली होती. वाटणी होऊन ६१ वर्षे झाली होती. हात मिळवायला दोघांपैकी एकही भाऊ तिथे नव्हता.

हे लिहिताना आम्ही बराच वाद घातला. आडी थोर होते का? बूट करण्यात होते, यात शंका नाही. हजारो अनोळखी खेळाडूंना नेमके कुठे टोचते हे त्यांना पाहताक्षणी कळे. सख्ख्या भावाला कुठे टोचले ते मात्र त्यांनी कधी विचारले नाही, आणि भावानेही त्यांना विचारले नाही. आमच्यापैकी ज्यांना भाऊ-बहीण आहेत त्यांनी या वाक्याशी थोडा वेळ थांबून विचार केला.

गावातल्या मैदानावर आडींचा एक पुतळा आहे. ते प्रेक्षकांच्या जागेवर बसले आहेत आणि त्यांच्या हातात बूट आहे. तुम्ही अजून पाहिला नसेल तर एकदा जरूर पाहा, आणि परत येताना नदी ओलांडून पलीकडच्या बाजूनेही एक फेरी मारून या.